फिटरची लेक

एल्झा आत्याला कुणी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं विचारलं की ती हातातला पेचकस खाली ठेवायची, चष्मा कपाळावर सारायची आणि उलट विचारायची, "तुमी मूळचे कुठले?" समोरचा सांगायचा, बोरीचा. "त्याच्या आदी?" समोरचा डोकं खाजवायचा. "माझ्या बापाचं मला ठाऊक हाय. तुमी आदी तुमचं हुडकून या, मंग बसून बोलू."

मानवतच्या बाजारात तिचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. गोरी कातडी, घारे डोळे, नऊवारी लुगडं आणि तोंडात आमची भाषा. शहरातून वार्ताहर यायचे, "विदेशी आजी" म्हणून फोटो काढायचे. मानवतमध्ये जन्मली, मानवतमध्ये पंच्याऐंशीची झाली, तरी विदेशी! ज्यांचे आजे पोटासाठी चार गावं फिरून इथं आले, ते तिला पाहुणी म्हणणार. मला याची चीड येते. तिला येत नसे. ती म्हणायची, "जर्मन मला शिव्यांपुरती येती. माय रागावली की तेवढंच बोलायची."

मी गावातल्या एका चळवळीच्या समितीची पत्रकं लिहिते. पत्रकातली माणसं एक तर पीडित असतात नाही तर शोषक. आत्या दोन्हींत बसत नसे, म्हणून हे लिहिते आहे.

तिचा बाप कार्ल तिकडे लोखंडाच्या कारखान्यात फिटर होता आणि कामगार संघटनेचा माणूस होता. हिटलरचं राज्य आलं, संघटना मोडली, कार्लला दोनदा उचलून नेऊन चोपलं. शेजारी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाले, तेव्हा त्यानं बायकोला, मार्थाला, घेऊन बोट पकडली. मुंबईहून निजामाच्या मुलखात आला, मानवतच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, यंत्रं बसवायला, आणि राहिला. मग लढाई लागली. इंग्रजांनी जर्मन तेवढा दुश्मन ठरवला. हिटलरच्या तावडीतून सुटून आलेल्या माणसाला हिटलरचा माणूस म्हणून दूर कुठं तरी तारेच्या कुंपणात वर्षानुवर्षं ठेवलं. सरकारांची अक्कल तेव्हाही एवढीच होती.

एल्झा तेव्हा पाळण्यात होती. मार्थाला गाव सोडायची बंदी आणि पगार बंद. त्या दिवसांत जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या बायांनी या मायलेकींना जगवलं. त्यात माझी पणजी होती. आमच्या वस्तीचं पाणी तेव्हा गावात कुणाला चालत नव्हतं. मार्थाला भाकरीही चालली. कार्ल सुटून आला आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर माझ्या आज्याला हाताखाली घेतलं आणि फिटर केलं. जिनिंगमधले बाकीचे कुरकुरले. कार्ल मोडक्या हिंदीत म्हणाला म्हणे, यंत्राला तेल लागतं, जात लागत नाही. तेव्हापासून आमच्या घरात एल्झा ही आत्या.

तिनं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "जे आले ते रंग बघायला आले. रंगाला नवरा कशाला लागतो?"

कार्ल कोणत्याच देवाला मानत नसे. मरताना त्यानं सांगून ठेवलं, पाद्री नको, मंत्र नको, जिनिंगमागच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली ठेवा. जुना मालक भला होता, हो म्हणाला. काही वर्षांनी मार्थालाही तिथंच ठेवलं. दगडी चौथरे दोन, त्यावर नाव नाही, काही नाही. आत्या दर आठवड्याला झाडून यायची.

मालक गेला, जिनिंग बंद पडलं, वारसांनी जमीन विकली. घेणारा प्लॉटिंगवाला शेठ. दोन वर्षांमागं चुन्याच्या रेघा पडल्या आणि दोन्ही थडगी सतरा नंबरच्या प्लॉटमध्ये आली. आत्यानं ते पाहिलं आणि सरळ आमच्या घरी आली. मला म्हणाली, "पोरी, तू जगाची पत्रकं लिहितीस. आता घरचं एक लिही."

पत्रक निघायच्या आधी भलतंच घडलं. जिनिंगचे जुने हमाल गफूरभाई एके सकाळी तिथं गेले आणि त्यांनी कार्लच्या थडग्यावर हिरवी चादर घातली, ऊद लावला. आठ दिवसांत तिथं नारळ फुटायला लागले. मशीनवाले पीर! कुणी पोरासाठी दोरा बांधला, कुणी बंद पडलेल्या बोअरसाठी नवस बोललं. शेठचे गडी रेघा मारायचे थांबले. पिराला हात कोण लावणार? आमची समिती खूश झाली. मीही झाले. "सर्वधर्मीय श्रद्धास्थान वाचवा" असा मथळा टाकून मजकूर तिच्याकडे घेऊन गेले.

तिनं शेवटपर्यंत वाचला. मग शांतपणे म्हणाली, "तुझ्या आज्यानं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, ते कशाला? आन् तू माझ्या बापाला देव करायलीस?"

मी वाद घातला. आत्या, काम होतंय ना, शेठ घाबरलाय ना, थडगी वाचणं महत्त्वाचं.

"आज पीर म्हणून वाचंल. उद्या दुसरं कुणी येऊन म्हणंल, पीर न्हाई, आमचे महाराज हायेत. मंग डोकी फुटतील. पयली डोकी गफूरची आन् तुझी. असल्याच खोट्यापायी माझा बाप देश सोडून आला. तो फिटर होता. फिटरच राहू दे त्याला."

"आणि थडगी गेली तर?"

"मी हाय ना बसायला."

मी तिच्याबरोबर गेले. दोरे सोडले. चादर तिनं काळजीपूर्वक झटकली, घडी केली आणि गफूरभाईंच्या दारात जाऊन दोन्ही हातांनी परत दिली. म्हातारा दुखावला. म्हणाला, "आपा, मैं तो बचाने के वास्ते डाल्या."

"माहीत हाय, गफूर. म्हणून तर मी स्वतः आले. चादर मोठी हाय, बाप माझा ल्हान हाय. त्याला झेपायची न्हाई." मग ती त्यांच्या ओट्यावर बसली, चहा मागितला, आणि त्यांच्या सुनेचं मशीन का अडकतंय ते बघितलं. गफूरभाई दुसऱ्या दिवसापासून समितीत आले.

पीर गेला तसा शेठला धीर आला. तो फळांची करंडी घेऊन दुकानात आला. मी तिथंच होते. फार गोड बोलला. आजी, हाडं मानानं काढू, परभणीच्या ख्रिस्ती स्मशानात नेऊ, वर संगमरवर लावू, सगळा खर्च माझा. "तुमच्या लोकांत राहतील ते," म्हणाला.

आत्यानं पेचकस खाली ठेवला. "माझे लोक कोणते रे? ही पोरगी न्हाई? गफूर न्हाई?" शेठ हसायला लागला, तर ती उठून उभी राहिली. "एकदा त्यांना तिकडच्यांनी उठवलं. दुसऱ्यांदा इंग्रजांनी उठवलं. आता मेल्यावर तिसऱ्यांदा तू उठवणार? करंडी उचल."

दुसऱ्या दिवसापासून तिची बाज लिंबाखाली. दुकान तिथूनच चालायचं. बाया मशीनची डोकी टोपलीत घालून तिथं आणायच्या. आम्ही अर्ज केले, मोर्चा काढला, पत्रक काढलं. त्यात पीर नव्हता. एक फिटर, त्याची बायको आणि त्यांची लेक एवढंच होतं. समितीतले म्हणाले, यात दम नाही. मी म्हटलं, हेच जाईल.

या माघात आत्या तापानं गेली. शेठनं श्रद्धांजलीचं बॅनर आधी लावलं आणि निरोप नंतर धाडला, की मयत परभणीला न्या, इथं पुरलं तर गुन्हा दाखल करू. आमच्या वस्तीतल्या आणि गफूरभाईंच्या घरच्या माणसांनी मिळून लिंबाखालीच, तिच्या मायबापाशेजारी, खड्डा खणला. मंत्र कुणी म्हटले नाहीत, तिची तशी ताकीद होती. गफूरभाईंचे ओठ हलत होते, माझ्या आईचेही. तेवढं आम्ही चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. आम्ही बाया पुढं बसलो. ड्रायव्हर पेडगावचा, पन्नाशीचा. खाली उतरला, ओल्या मातीकडं बघितलं आणि आईला विचारलं, "मावशी, कोण हाय हे?"

"एल्झाबाई. कालच ठेवली."

त्यानं फोन लावला. "शेठ, हितं माणूस पुरलेलं हाय. तुमी बोलला न्हाईत." पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. ड्रायव्हरनं ऐकून घेतलं. "मंग तुमी या आन् तुमीच चालवा," म्हणाला, फोन खिशात टाकला आणि गाडी वळवली.

दुसरा ड्रायव्हर येईल, हे आम्हाला कळतं. पाचजणांना नोटिसा आल्या आहेत, पहिली माझ्या नावाची. येऊ द्या. आम्ही पाळ्या लावल्या आहेत: सकाळी वस्तीतल्या बाया, दुपारी गफूरभाई, दिवस कलला की मी. शेठ, तुमच्या नकाशात सतरा नंबर अजून रिकामा दाखवता, तो खोडा. तिथं एक कुटुंब राहतं.