कुरड्यांची राखण

शेलूबाजारला आई एकटीच असते, म्हणून आम्ही तिच्या अंगणात कॅमेरा बसवला. कोणी आलं की पुण्यात माझा फोन वाजतो आणि मी इथून बोललेलं तिथे ऐकू जातं. आईने लगेच कॅमेऱ्यासमोर बाज टाकली, तिच्यावर कुरड्या वाळत घातल्या आणि ती शेजारी गप्पा मारायला निघून गेली. मग रोज दुपारी शेजाऱ्यांची शेळी यायची आणि मी भर ऑफिसात "हट, हट!" ओरडायची.

शेवटी चिडून मी आईला फोन केला, "अगं, कॅमेरा चोरासाठी आहे! मी काय शेळ्या हाकलत बसू?"

आई खुदकन हसली. "चोर तं काई आला नाही बाप्पा. पण तू रोज माहेरी येऊन राह्यली ना!"