शेठ, तेल संपलंय

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्द साधे आणि वेलांट्या मनाला येतील तशा. पण मी एकट्याने अख्ख्या कारखान्याचं आंदोलन कसं आडवं पाडलं, हे सांगायला मोठे शब्द लागतच नाहीत. तुम्ही चहा घ्या, मी सुरू करतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. जळगावला प्लॅस्टिकच्या चटायांच्या कारखान्यात मी बदली कामगार होतो. बदली म्हणजे आज काम आहे, उद्याचं शेठ जाणे. असे आम्ही नऊ जण. त्यातला पिंप्राळ्याहून सायकलवर येणारा, कोणी नुसतं नाव विचारलं तरी घामाने भिजणारा, तो मी.

त्या दिवसांत रेडिओवर रोज एकच: देश खुला होतोय, कामगारांचे कायदेही बदलायला हवेत. आमच्या शेठने त्यातून एवढंच उचललं की बदलीवाल्यांना काढायचं आणि ठेकेदाराची माणसं आणायची. कायदा बदलायला अजून अवकाश होता. शेठ आधीच बदलला.

युनियनचे पुढारी होते नाना, कारखान्याचे जुने फिटर, नरडाण्याकडचे. त्यांनी गेटवर सभा घेतली. मागणी एकच, नऊ जणांना कायम करा. पण संप केला तर शेठ त्याच दिवशी ठेकेदाराची माणसं आत घेणार. म्हणून नानांनी डोकं चालवलं: नियमाने काम. यायचं, कामही करायचं, पण भिंतीवरचा एकेक नियम पाळत. नियम पाळत बसलं की काम निम्म्यावर येतं, शेठ घाबरतो आणि बोलणी करतो. मोठमोठ्या ठिकाणी असंच करतात म्हणे.

आता नियम काय आहेत, हे कोणाला माहीत होतं? बोर्ड होता, पण धुळीने काळा झालेला.

"तू सातवी शिकेल शे ना, भो? वाच मंग," नाना मला म्हणाले.

मी रॉकेलच्या बोळ्याने बोर्ड पुसला आणि सगळ्यांसमोर अडखळत वाचला. मशीन सुरू करण्याआधी पुसून तेल घालावे. दोरा तुटल्यास मशीन बंद करून गाठ मारावी. मशीन सोडून जाऊ नये. तंबाखू खाऊ नये. कामाच्या वेळी बोलू नये. लोक ऐकून गार झाले. एवढं सगळं पाळलं तर काम होणार कधी? नाना खूश.

आमची रोजची पद्धत सांगतो, म्हणजे कळेल. मशीनला तेल घालायचं ते दसऱ्याला, हळदीकुंकवाबरोबर. दोरा तुटला की चालत्या मशीनवरच गाठ. मग आणखी दहा दोरे तुटायचे, मशीन अडायचं आणि नाना पान्हा घेऊन यायचे. तोवर चहा. कोणाचा पाहुणा गावाहून आला की चौघे जण मशीन सोडून गेटपर्यंत राम राम घालायला. न जाऊन कसं चालेल? तो गावी जाऊन काय सांगेल?

आम्ही नियमाने कामाला लागलो. पहिला दिवस छान गेला. सकाळभर नुसतं पुसणं आणि तेल घालणं. सुपरवायझर चिडला, नाना मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी तेलामुळे मशीनांचा जन्मभराचा खडखडाट थांबला, ती लोण्यासारखी चालू लागली. गाठ मारायला मशीन बंद करायचं, पण त्यासाठी दोरा तुटायला हवा ना? दोरा तुटेचना. तिसऱ्या दिवशी चटायांची थप्पी पत्र्याला टेकली.

तुम्ही म्हणाल, कोणाच्या लक्षात आलं नाही? सगळ्यांच्या आलं. पण बोलायचं नाही, हा नियम होता. उठून जायचं नाही, हाही नियमच. नाना लांबून डोळे वटारत होते, हात खाली खाली करून दाखवत होते. मला वाटलं, खालच्या बाजूलाही तेल घाल म्हणताहेत. मी मशीनखाली शिरलो.

जेवणाच्या सुट्टीत नानांनी मला धरलं.

"काय करी राहिना तू? आंदोलन करी राहिना का शेठना धंदा वाढाई राहिना?"

"नाना, मी नियम..."

तेवढ्यात शेठ आला. हातात पेढे, मागे हार घेतलेला शिपाई. हे कोणी सुरू केलं, असं त्याने विचारलं आणि सगळी बोटं माझ्याकडे वळली. शेठने हार माझ्या गळ्यात घातला.

"माग बेटा. आज जे मागशील ते देतो. सगळ्यांसमोर शब्द."

आठ बदलीवाले माझ्याकडे बघताहेत. नाना शेठच्या पाठीमागून ओठांनी सांगताहेत, कायम, कायम. एका शब्दाचं काम होतं हो. माझ्या कानांतून वाफा निघाल्या, आणि त्या तीन दिवसांत डोक्यात जे होतं तेच बाहेर आलं.

"शेठ, तेल संपलंय."

शेठचे डोळे पाणावले. तासाभरात हातगाडीवरून तेलाचं अख्खं पिंप आलं.

नाना त्या पिंपावर डोकं धरून बसले. मग एकदम हसायला लागले, ते थांबेचनात.

"सकायपासून नियम बंद. जसं रोज करतस तसंच काम करानं."

म्हणजे उद्यापासून आपलं नेहमीचं काम, हेच आंदोलन. काय सांगू, तसा एकजुटीचा लढा मी पुन्हा पाहिला नाही. चहा झाला, तंबाखू झाली. कोणाच्या तरी मेहुण्याला चाळीसगावहून मुद्दाम बोलावून घेतलं आणि सगळी शेड त्याला राम राम घालून आली. मशीनं पुन्हा खडखडू लागली, दोरे तटातट तुटले.

इकडे शेठने ती थप्पी बघून इंदूरच्या व्यापाऱ्याला मोठा माल कबूल केला होता. आता माल निघेना, तेव्हा आठवडा व्हायच्या आत शेठनेच नानांना बोलावलं. नाना म्हणाले म्हणे, नियम पाळायला माणूस कायम लागतो, शेठ. बदलीवाल्याने कोणासाठी पाळायचे?

संध्याकाळी नाना सही घेऊनच बाहेर आले. नऊच्या नऊ जण कायम. ठेकेदार रद्द. आम्ही नाचलो. मी भीत भीत विचारलं, "मी पण ना, नाना?"

"तू बी. पन तुले मशीन नही. शेठनी एकच अट शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे सगळे कायम कामगार गेटवर ऐटीत चहा पीत होते. मी एकटा शेडमध्ये, मशीनखाली उताणा, छातीवर तेलाचा डबा. एक मशीन झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. कोपऱ्यातलं पिंप अजून गळ्यापर्यंत भरलेलं होतं. आणि तक्रार कोणाकडे करणार? मागितलं मीच होतं.