आधी डिस्क, मग गाडी

लोक गाडी घेतात ती कुठेतरी जाण्यासाठी. केवळ थांबण्यासाठी गाडी घेतलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असावा, आणि तो बोर्ली पंचतनात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमची दोस्ती पाटी-दप्तराच्या काळापासूनची, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलण्याचा पहिला हक्क माझा आहे आणि तो मी माझ्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात बसून रोज बजावत असतो. त्याला मुलाबाळांची खुशाली विचारा, 'ठीक हाय' यापलीकडे काही मिळणार नाही. ब्रेकबद्दल विचारा, तुमची दुपार गेली. गावात कुणी नवी गाडी आणली की सगळे तिचा रंग बघतात, इंजिन बघतात. हा गुडघ्यावर बसून चाकाच्या फटीतून आत डोकावतो आणि डॉक्टरने जीभ बघावी तसा गंभीर होऊन उठतो. गाडी किती पळते हे त्याने आजवर कुणाला विचारलेलं नाही. "पळतात सगळ्याच रे," तो म्हणतो, "रोखायची कशी ती दाखव."

या वेडाचं मूळ आखातात आहे. उमेदीची सगळी वर्षं त्याने तिथल्या एका रेसट्रॅकच्या गॅरेजात काढली. हौशी श्रीमंत लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे, जीव खाऊन फेऱ्या मारायचे, ब्रेक जाळून परत आणायचे, आणि आमचा शेजारी जळके ब्रेक उतरवून नवे चढवायचा. गाडी ट्रॅकवर गेली की हा भिंतीअलीकडे उभा राहून नुसत्या आवाजावरून कोण कुठल्या वळणावर घाबरला ते सांगायचा. पण त्या ट्रॅकवर स्वतः याने एकदाही चाक फिरवलं नाही. कामगारांना आत गाडी न्यायची मनाई होती. रजेवर आला की हे तो मला हसत हसत सांगायचा, पण सांगताना त्याचे दोन्ही हात आपोआप वर यायचे आणि नसलेलं स्टिअरिंग धरून बसायचे. एकदा, फक्त एकदा, आपण बसवलेल्या ब्रेकवर आपणच ट्रॅक मारायचा, याखेरीज त्याने आयुष्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग तो कायमचा परत आला. आखातातून माणूस कायमचा आला की बॅगा ओटीवर, सगळ्यांच्या देखत उघडायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. झाडून सगळे नातेवाईक आले होते, मीही एखादा टॉर्च तरी मिळेल म्हणून पुढेच बसलो होतो. मोठी बॅग उचलायला दोन माणसं लागली तेव्हा त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या भाभींचा, चेहरा फुलला. बॅगेतून एक जाड ब्लँकेट निघालं, ब्लँकेटमधून दुसरं ब्लँकेट निघालं, आणि त्यातून निघाल्या ब्रेकच्या डिस्का, चाकामागे फिरणाऱ्या पोलादी चकत्या. चार. दोन मोठ्या, दोन त्याहून जरा लहान, भोकं पाडलेल्या, आरशासारख्या लखलखीत. गॅरेजच्या मालकाने निरोपाला घड्याळ देऊ केलं होतं. याने त्याऐवजी एका गिऱ्हाइकाने मागवून न नेलेला हा सेट मागून घेतला. अत्तराच्या बाटल्या अर्थातच वजनात बसल्या नव्हत्या. डिस्का ओटीभर हातोहात फिरल्या. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या फूफीने एक डिस्क हातात घेऊन उजेडात धरली आणि निकाल दिला, "तवा चांगला हाय, पण घावन गळल."

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"गाडी शोधायची हाय," तो म्हणाला.

आधी अंगठी घडवावी आणि मग त्या मापाचं बोट असलेली मुलगी बघत फिरावं, तसा तो वर्षभर फिरला. डिस्का पलंगाखाली तेल चोपडून ब्लँकेटात निजल्या होत्या आणि हा त्या ज्या गाडीला बसतील ती गाडी धुंडाळत होता. अखेर पुण्यात एका बिल्डरच्या मुलाला कंटाळा आलेली एक पिवळी गाडी सापडली. छप्पर उघडणारी, दोन सीटांची, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे रस्त्यावर मांडी घालण्यासारखंच. माझी कंबर तिच्यात शिरताना एकदा आणि निघताना दोनदा ओरडते. शाळेपुढच्या गतिरोधकाला तिचं पोट घासायचं, म्हणून हा डिकीत माडाच्या दोन फळ्या ठेवतो. गतिरोधक आला की उतरायचं, फळ्या मांडायच्या, गाडी वर चढवून पलीकडे उतरवायची, परत येऊन फळ्या गोळा करायच्या. मागे एसटी भोंगा वाजवत असते. खाऱ्या वाऱ्याने ब्रेक गंजू नयेत म्हणून रात्री चारी चाकांवर गोधड्या पडतात. "पोरांना कधी एवढी पांघरुणां घातली न्हाईत यांनी," असं भाभी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण गोधड्या घालतात त्याच.

या आनंदात मिठाचा खडा पडला तो गाडी आली त्याच दिवशी. त्याचे मोठे भाऊ, ज्यांना सगळं गाव मोठे भाय म्हणतं, ते नवी टोपी घालून गाडी बघायला आले. वडील लवकर गेले तेव्हा याला हाताला धरून वाढवलं ते मोठ्या भायांनी, पहिल्यांदा विमानात बसवून दिलं तेही त्यांनीच. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "मागची सीट कुठाय?"

"मागं न्हाय, भाय. दोनच सीटां."

"म्हंजे तू नि तुझी बायको. बाकीची माणसां चालत येतील." एवढं बोलून ते निघून गेले.

आता ज्या मुलखात जीपमध्ये दहा माणसं बसली तरी ड्रायव्हर 'चला, खाली हाय' म्हणून ओरडतो, तिथे दोन सीटांची गाडी म्हणजे घरच्यांना जाहीर नोटीसच. मोठ्या भायांनी बोलणं टाकलं. हा ईदेला त्यांच्या दारी गेला, तर वहिनींनी शीरखुर्मा दिला आणि भाय आतल्या खोलीत गेले. हे दोन ईदी चाललं. एरवी कशाचं काही वाटून न घेणारा हा माणूस, पण हे त्याला फार लागलं. गाडी विकून टाक, असं मीही एकदा म्हणालो. "विकली तरी भाय बोलणार न्हाईत," तो म्हणाला, "आणि मग ट्रॅकही जाईल." 

पावसाळा सरल्यावर त्याने मद्रासच्या बाजूच्या एका ट्रॅकवर नाव नोंदवलं आणि ट्रॅकसाठीच पलंगाखाली राखून ठेवलेल्या डिस्का बाहेर काढल्या. त्या बसवण्याचा सोहळा ओटीसमोर चालला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दुसरं माणूस लागतं, त्यामुळे मी सीटवर बसून पेडल दाबत होतो आणि हा चाकाशी आडवा पडून हुकूम सोडत होता, "दाब… धर… आता सोड." संध्याकाळपर्यंत माझा पाय गेला. आता फक्त एक काम उरलं होतं, डिस्कला चिमटीत धरणाऱ्या नव्या पॅडची आणि नव्या डिस्कची ओळख करून देण्याचं. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबून गाडी अगदी हळू करायची, पण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. असं केलं की पॅडचा पातळ थर तापलेल्या डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. मग ब्रेकला पाय न लावता गाडी फिरवत फिरवत गार करायची. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहिलात तर तो थर एकाच जागी चिकटतो, आणि मग दर ब्रेकला गाडी थरथरते. "काय वाट्टेल ते झाला तरी थांबायचा न्हाय," त्याने मला बजावलं.

पण हे आखातात ठीक. बोर्लीत ओळखीचं माणूस दिसलं आणि गाडी थांबवली नाही, तर त्याचा अर्थ भांडण असा होतो. आमची ब्रेकांची ओळखपाळख गावाबाहेर छान पार पडली. चाकांतून जळका वास येऊ लागला, शेजाऱ्याच्या मते तो अत्तराहून बरा होता. आता न थांबता गार करायचं. पहिल्याच वळणावर मौलवीसाहेबांनी हात केला. हा उघड्या छपरातून मान उंचावून "माफ करा, थांबता येत न्हाय!" असं ओरडत पुढे. मग त्याचे सासरे. त्यांनी आधी हात केला आणि नंतर काठी उगारली. मग बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन, रस्त्याच्या मधोमध, खुद्द भाभी. त्यांना वळसा घालून जाताना याने सलाम केला. भाभींनी काय केलं ते मी मागे वळून बघितलं नाही.

फाट्याजवळ आलो तेव्हा माणगावची एसटी पंक्चर होऊन कडेला उभी होती. बाकीची माणसं चालत पुढे गेली असावीत. झाडाखाली एकटेच मोठे भाय उभे होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला गेले होते. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी हात वर केला.

शेजाऱ्याने एकदा भावाकडे बघितलं, आणि गाडी थांबवली. नुसती थांबवली नाही. उतारावर पेडल पायाखाली घट्ट दाबून धरून बसला. "पाय काढ, हँडब्रेक लाव, हँडब्रेक!" मी ओरडत होतो, पण त्याला ऐकूच येत नव्हतं. मोठे भाय काठी टेकत टेकत, सावकाश, गाडीशी आले. दाराच्या काठावर त्यांनी हात ठेवला.

"भाय, मी हाय," हा म्हणाला. 

"म्हायीत हाय," मोठे भाय म्हणाले. मग माझ्याकडे चष्मा वळवून, "हा कुठं बसल?"

मी केव्हाच उतरलो होतो. कमरेने त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. धाकट्याने थोरल्याला हाताला धरून आत बसवलं, आधी एक पाय, मग दुसरा. पिवळी गाडी हळूहळू निघून गेली आणि मी घरापर्यंत पायी आलो, आणि खोटं कशाला सांगू, सगळी वाट डोळे पुसत आलो.

व्हायचं ते झालंच होतं. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागलं. "हे काय हलतं रे?" मोठ्या भायांनी विचारलं, कारण डाव्या सीटवर आता रोज तेच असायचे. याने खरं ते सांगितलं. तुमच्यासाठी थांबलो, त्याचा डाग हाय. मोठे भाय इतके हसले की त्यांना ठसका लागला. माणगावचा लेथवाला डिस्क घासून तासाभरात सरळ करून देतो, हे मी शेजाऱ्याला दहादा सांगितलं. तो दर वेळी "बघू" म्हणाला.

ट्रॅकला दोघे भाऊच गेले. त्या थरथरीमुळे तिथल्या माणसांनी याला जोरात जायची मनाई केली. जन्मभराची हौस याने निम्म्या वेगाने भागवली. सगळ्या गाड्या याला मागे टाकून गेल्या आणि मोठे भाय कठड्याशी उभे राहून प्रत्येक फेरीला हात वर करत होते. परत आल्यावर गावाने विचारलं, नंबर कितवा आला? नंबर नसतो म्हटल्यावर, मग गेलास कशाला? मी मात्र त्याला बाजूला घेऊन, कसं वाटलं ते खरंच विचारलं. "आतून बघितला रे," तो म्हणाला, "सगळा ट्रॅक आतून बघितला." इतका तृप्त चेहरा मी त्याचा आधी बघितला नव्हता.

मोठे भाय पुढे एकदा दुकानात पेपर घ्यायला आले तेव्हा मी त्यांना चिडवलं, की डोळ्याला पट्टी नसती तर त्या गाडीला हात केला असता का? ते पेपराची घडी घालत म्हणाले, "पट्टी एकाच डोळ्याला व्हती. दुसरा चांगला हाय माझा." हे मी शेजाऱ्याला सांगितलं. तो चाकाशी बसून, घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करत राहिला.

गेल्या वर्षी मोठे भाय मुंब्र्याला मुलाकडे राहायला गेले. गुडघे साथ देईनात, म्हणाले. गाडीत आता कधीमधी मी बसतो, पण ती सीट माझी नाही हे मला आणि माझ्या कमरेला चांगलं ठाऊक आहे. दर जुम्याला नमाजानंतर त्यांचा फोन येतो. मागच्या वेळी फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. याने गाडी कडेला घेतली. तब्येती झाल्या, मासळीचा भाव झाला, माडाला किती नारळ धरले ते झालं. मग तिकडून विचारलं, "थांबताना हलते अजून?"

"हलते, भाय."

"रव्हू दे मग," मोठे भाय म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आम्ही निघालो. फाट्यावर झाडाखाली कुणीही उभं नव्हतं. तरी त्याने ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरलं.