खाकरण्याचा ब्रेक

परीक्षेच्या मैदानावरून पायी परत येणारा शिकाऊ माणूस दिसला की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गाडीत बसून गेलेला माणूस पायी येतो म्हणजे इन्स्पेक्टरने त्याला मध्येच उतरवलेलं असतं, आणि ते नेहमी त्याच एका जागी, उताराखालच्या पांढऱ्या पट्टीपाशी. पट्टी चांगली रुंद, वर्षाला नवा रंग, शेजारी हातभर अक्षरांत ‘थांबा’. तरी मास्तरांची माणसं तिच्यावरून अशी निघून जात, जणू ती दुसऱ्याच कुणासाठी काढलेली आहे.

मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. उमेदीची वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला, मग एक जुनी छोटी गाडी घेतली, टपावर पाटी ठोकली आणि डाव्या सीटपुढे आपल्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला. शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांची माणसं अरुंद बोळातून गाडी मागे घेत, चढावर हाफ क्लचवर धरून ठेवत. मास्तर शेजारी असताना तीच पट्टी आली की गाडी लोण्यासारखी थांबे. शेजारी इन्स्पेक्टर बसला की मात्र सगळं मुसळ केरात.

“घाबरतात हो,” मास्तर जेवताना बायकोला सांगत. “नाहीतर लक्ष नसतं. डोकं घरी ठेवून येतात. माझ्यासमोर करतात ते तिथे करायला काय जातं यांच्या बापाचं?”

“सगळेच्या सगळे घाबरट तुमच्याच वाट्याला कसे येतात?” बायको विचारायची. त्यावर मास्तर आणखी चिडायचे.

आता मास्तरांची एक लकब होती, ती सगळ्यांना ठाऊक होती आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नव्हती. ते खाकरायचे. सुरुवातीच्या काळात ते ओरडत असत, “अहो ब्रेक!” असं, टँकरवाल्याच्या आवाजात. एका बाईंनी दचकून स्टिअरिंगच सोडून दिलं आणि गाडी फुटपाथवर चढली. त्या दिवसापासून त्यांनी ओरडणं सोडलं. थांबायची जागा जवळ आली की हळूच घसा साफ करायचा, ‘खं-हं’, आणि मग गरज पडली तर आपला ब्रेक दाबायचा. याला ते सभ्यपणा म्हणत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

हे सगळं असंच चाललं असतं. पण या खेपेला पायी परत आली ती त्यांची स्वतःची लेक, आणि तीही दुसऱ्यांदा.

लेक नर्स होती. वॉर्डातल्या रात्रपाळ्यांनी तिचा चेहरा पार ओढल्यासारखा झाला होता. आता तिला इस्पितळातच दुसरी जागा मिळत होती, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन पाहायची. काम दिवसाचं, इस्पितळाची छोटी गाडी, पण चालवायची स्वतः. महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवलं तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची. गाडी शिकवणाऱ्याच्या मुलीला लायसन्स नाही म्हणून जागा जाणार, ही गोष्ट मास्तरांच्या घशाखाली उतरत नव्हती.

“पट्टी दिसली नाही का तुला?” त्यांनी विचारलं.

“दिसली की, बाबा.”

“मग?”

“मग काही नाही. दिसली, आणि गेली.”

“गेली म्हणजे? पट्टी गेली की तू गेलीस?” मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. लेकीने चप्पल काढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बायकोने मास्तरांकडे नुसतं बघितलं, आणि ते जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात मानसशास्त्राच्या बाईही नापास झाल्या. या बाई कॉलेजात शिकवत, पन्नाशीला गाडी शिकायला आल्या होत्या, आणि पट्टीवरून त्याही सरळ गेल्या होत्या. मास्तरांना वाटलं, भांडायला आल्या. पण बाईंच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

“मास्तर, काल वर्गात कुत्र्याचा प्रयोग शिकवत होते,” बाई म्हणाल्या. “कुत्र्याला खाणं द्यायच्या आधी दर वेळी घंटा वाजवायची. काही दिवसांनी नुसती घंटा वाजली तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. दरवर्षी शिकवते. काल मध्येच थांबले आणि पोरांसमोर स्वतःशीच हसायला लागले. तुमची आठवण झाली.”

“कुत्र्यावरून माझी आठवण?”

“तुमची नाही हो. कुत्रा मी. तुम्ही घंटा.”

मास्तरांना हे कुत्र्यापेक्षा बरं की वाईट ते कळेना. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. पट्टी आली की तुम्ही आधी खाकरता. पाठोपाठ ब्रेक लागतो. आमचा पाय शिकतो तो तुमच्या खाकरण्यावर. पट्टीकडे बघायची त्याला गरजच पडत नाही, कारण तिची बातमी तुमचा घसा आधीच देतो. परीक्षेत पट्टी येते, इन्स्पेक्टर काही खाकरत नाही, आणि पाय आपला घंटेची वाट बघत बसतो.

“काहीतरीच,” मास्तर म्हणाले. “माणूस आहे, कुत्रा नाही. त्याला मन असतं. ही माणसं घाबरतात म्हणून चुकतात.”

“मनात काय आहे ते तुम्हाला दिसतं का? मला तर माझ्याही मनातलं दिसत नाही. आमच्या मानसशास्त्रात एक जुना पंथ आहे, तो म्हणतो, मनात डोकावू नका. समोर काय झालं आणि माणसाने काय केलं, तेवढं बघा. तुम्ही इतकी वर्षं मनाच्या नावाने खडे फोडताय. एकदा रिकाम्या रस्त्यावर खाकरून तर बघा.”

मास्तरांनी ते केलं, पण बाईंना खोटं पाडायला. संध्याकाळी लेकीला गाडीत बसवलं आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला नेलं. पुढे ना पट्टी, ना सिग्नल, ना माणूस. लेक तिसऱ्या गिअरमध्ये मजेत चालवत होती. मास्तरांनी खिडकीबाहेर बघत घसा साफ केला.

गाडी करकचून थांबली. मास्तरांचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं.

“काय झालं?” लेकीने घाबरून विचारलं. “काय होतं पुढे?”

“काही नव्हतं.”

“मग मी थांबले का?”

पायी परत आलेले सगळे चेहरे मास्तरांना आठवले, आणि त्या प्रत्येकाला आपण काय काय बोललो तेही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. स्वतःचा, बाईंचा, त्या कुत्र्याचा.

बाईंनी उपाय सांगितला तो ऐकून मास्तर हात टेकायचेच बाकी राहिले. नुसतं खाकरणं बंद करून भागणार नाही, म्हणाल्या. जिथे काही नाही तिथे खाकरा, पुन्हा पुन्हा खाकरा, म्हणजे त्या आवाजाची किंमत जाईल. आणि जिथे खरोखर थांबायचंय तिथे मूग गिळून गप्प बसा. पाय ब्रेकवर असू द्या, पण घसा बंद.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर गावभर खाकरत सुटले. लेक प्रत्येक खाकरण्याला ब्रेक मारी, मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालत. दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, “मास्तर, तब्येत बरी आहे ना?” औषधाच्या दुकानदाराने आपण होऊन गोळ्यांची पट्टी हातात ठेवली. घसा तर खरंच बसला.

“आणखी किती वेळ हे सोंग?” मास्तर ओरडायला गेले, तर नुसता घोगरा आवाज निघाला.

“तुम्हीच शिकवलंय ना पायाला,” लेक वैतागून म्हणाली. “आता तुम्हीच विसरायला लावा. मला काय हौस आहे?”

हळूहळू ब्रेक हलके होत गेले. मग पाय नुसता थरथरायचा. शेवटी तेही थांबलं, आणि मास्तरांना हायसं वाटलं. मध्ये एक दिवस तिची रात्रपाळी लांबली, सराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या खाकरण्याला पुन्हा करकचून ब्रेक. मास्तरांनी गाडीतूनच बाईंना फोन लावला आणि बसक्या आवाजात म्हणाले, तुमचं शास्त्र फुकट गेलं.

“होतं असं,” बाई म्हणाल्या. “जुनं शिकलेलं एकदम मरत नाही, थोडा वेळ गेला की डोकं वर काढतं. चालू ठेवा.”

पण खाकरण्यापेक्षा गप्प बसणं महाकठीण होतं. खरी पट्टी जवळ येऊ लागली की मास्तरांचा घसा आपोआप भरून यायचा. पहिल्यांदा लेक पट्टीवरून अर्धी गाडी पुढे गेली, त्यांनी आवाज न करता आपला ब्रेक दाबला. लेकीने वळून मागची पट्टी पाहिली. दुसऱ्यांदा तेच. मग एकदा तिचा पाय त्यांच्या आधी गेला, आणि मास्तरांना आपण कुणाला तरी काही शिकवलं असं पहिल्यांदाच वाटलं. ते त्यांनी बोलून मात्र दाखवलं नाही, कारण बोलायचं म्हटलं तर आधी खाकरावं लागलं असतं.

घरीही सुटका नव्हती. टीव्हीवर एखादी गाडी कोपऱ्यावर आली की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबायचा. “अहो, तुम्हाला कोण शिकवणार?” बायको म्हणाली. सगळे घाबरट त्यांच्याच वाट्याला कसे येतात, याचं उत्तर आता तिला माहीत होतं आणि मास्तरांनाही.

परीक्षेला महिनाअखेरचाच दिवस मिळाला. शिकवणाऱ्याने कुंपणाबाहेर उभं राहायचं असा नियम. बाईही आल्या होत्या, त्यांची पाळी नंतर होती. लेक गाडीत बसली, शेजारी इन्स्पेक्टर, मांडीवर कागद. बोळ झाला, चढ झाला. मग गाडी उताराला लागली. एवढ्या लांबून आवाज पोचला नसता, तरी मास्तरांनी रुमाल तोंडात कोंबला. उजवा पाय मातीत रुतत चालला होता. दिसू दे तिला, नुसती दिसू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गाडीचे मागचे लाल दिवे लागले. पट्टीच्या वीतभर अलीकडे गाडी उभी राहिली. बाईंनी मास्तरांच्या तोंडातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

परत येताना लेकच चालवत होती. पास झाल्याचा कागद डॅशबोर्डवर ठेवला होता, खिडकीच्या वाऱ्याने फडफडत होता. उद्या ती तो इस्पितळात नेऊन देणार होती. तिच्या डोळ्यांखाली अजून काळं होतं, पण ती गुणगुणत होती. मास्तरांना तिला सांगायचं होतं की चूक तुझी नव्हती. कुणाचीच नव्हती, इतक्या माणसांना मी उगाच घाबरट म्हणालो. शब्द जुळवता जुळवता त्यांचा गळा दाटून आला, डोळ्यांना पाणी आलं, आणि नकळत ते मोठ्याने खाकरले. या वेळी कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

गाडी एवढीशीही अडखळली नाही.

“पाणी मागच्या सीटवर आहे, बाबा,” लेक रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

मास्तर पाणी प्यायले. पुढे चौकात दिवा लाल होता आणि खाली पांढरी पट्टी. त्यांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला, तेव्हा गाडी आधीच मंदावली होती. त्यांनी पाय हळूच मागे घेतला आणि दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.