एकदाच विचारलं जातं

इंग्लंडचा करार कायदा मला नवा नव्हता. नागपूरच्या लॉ कॉलेजात, कूलरच्या घरघरीत, आम्ही हेच जुने इंग्रजी खटले घोकले होते. त्यात माझी लाडकी होती ती धुराची गोळी विकत घेणारी बाई. कंपनीने जाहिरात दिली होती, की आमची गोळी रोज हुंगूनही फ्लू झाला तर बक्षीस देऊ. बाईने नेमाने गोळी हुंगली आणि तिला फ्लू झालाच. कंपनी म्हणाली, जाहिरात कुणी एवढी मनावर घेतं का? कोर्ट म्हणालं, तुम्ही साऱ्या जगापुढे प्रस्ताव ठेवलात, बाईने सांगितलं तसं करून तो स्वीकारला, आता बक्षीस द्या. मेच्या भाजून काढणाऱ्या उन्हात इंग्लंडमधल्या सर्दीपडशाचा हा खटला वाचताना मला मोठं सुख वाटायचं.

पुढे नवऱ्याची नोकरी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला लागली आणि मी माझी वकिली नागपुरात ठेवून इथे आले. इथल्या सॉलिसिटरच्या परीक्षेसाठी तेच खटले पुन्हा उघडले. नवरा पोहे परतत असायचा आणि मी ओट्याशी उभी राहून त्याला शिकवायची, कारण दुसऱ्याला शिकवल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही. त्याला सिलोनला नोकरी करणाऱ्या नवऱ्याचा खटला फार आवडला. तो नवरा इंग्लंडात राहिलेल्या बायकोला म्हणाला होता, दरमहा खर्चाला पाठवीन. पुढे दोघांचं बिनसलं, बायको कोर्टात गेली, आणि कोर्ट म्हणालं, नवराबायको घरात जे बोलतात त्यामागे करार करायचा हेतू नसतो. झालं. त्या दिवसापासून बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करायची आठवण केली, की आमचे हे म्हणणार, "अगं, पण माझं लीगल इंटेन्शन कुठे होतं?" नळ शेवटी मीच दुरुस्त केला.

अडचण परीक्षेची नव्हती, कामाची होती. इथल्या अनुभवाशिवाय कुणी मुलाखतीलाही बोलवत नव्हतं. नागपुरात मी कोर्टात उभी राहिले की समोरचा वकील पाणी मागायचा, आणि इथे माझ्या अर्जांना साधी पोचसुद्धा येत नव्हती. मी घरात चिडचिड करायला लागले होते. आयुष्यभर जे आवडीने केलं ते आता संपलं की काय, असं वाटायचं.

शेवटी गावातल्या एका लहानशा ऑफिसने मला शुक्रवारी येऊन काम बघायची परवानगी दिली. साठी ओलांडलेले एक सॉलिसिटर ते चालवायचे. उंच, हळू बोलणारे, कायम एकच हिरवा स्वेटर. ते मला भाडेकरार वाचायला देत आणि मी त्यातली भगदाडं शोधून काढे. एखादं कलम सापडलं की आम्ही दोघं लहान मुलांसारखे खूश व्हायचो. मला शुक्रवारची इतकी ओढ लागली, की गुरुवारीच साडीऐवजी कोट इस्त्री करून ठेवायची.

एका शुक्रवारी निघताना ते म्हणाले, "आमच्याकडे कायमची नोकरी करायला आवडेल का तुम्हाला?"

माझ्या आत ढोलताशे वाजायला लागले. आणि तोंडाने मी काय म्हणाले? "नाही नाही, कशाला, तुम्हाला उगाच त्रास." आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. चहा विचारला तर आधी नको, मग कशाला, मग बरं, अर्धा कप. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो आग्रह सोडत नाही. मी हसत उभी राहिले, आग्रहाची वाट बघत.

ते म्हणाले, समजू शकतो. आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी किती वेळा विचारलं?"

"एकदाच."

"मग गेलं ते. तूच तर मला शेतवाला खटला शिकवलास."

तो खटला असा. एका मालकाने आपल्या शेताची किंमत सांगितली होती. घेणाऱ्याने कमी सांगितली, मालक नाही म्हणाला. मग घेणारा म्हणाला, बरं, तुमच्याच किमतीला द्या. कोर्टाने सांगितलं, तू आपली वेगळी किंमत सांगितलीस तेव्हाच मालकाचा प्रस्ताव मेला, आता तुझ्या मर्जीने तो जिवंत होणार नाही. मी तर किंमतही सांगितली नव्हती, सरळ नाही म्हणून मोकळी झाले होते. शनिवार-रविवार मी स्वतःवर इतकी उखडले होते, की लंडनला वेम्बलीत देशी भाजी आणायला गेलो तेव्हा बिचाऱ्या दुधीवरही राग काढला.

मेलेला प्रस्ताव उठत नाही, पण नवा कुणीही मांडू शकतो. फक्त आता तो मला मांडावा लागणार होता, आणि स्वतःसाठी तोंड उघडून मागायचं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. सोमवारी मी न बोलावता ऑफिसात गेले. कान तापले होते.

"शुक्रवारी तुम्ही प्रस्ताव दिलात, मी नाकारला, तो संपला," मी म्हणाले. "आता मी देते आहे. मला इथे काम करायचं आहे. मनापासून करायचं आहे."

ते चष्मा काढून नुसते पुसत राहिले. मला राहवेना. मी त्यांना घोड्याच्या खटल्याची आठवण करून दिली. त्यात काकाने पुतण्याला लिहिलं होतं, तुझं उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. कोर्टाने म्हटलं होतं, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. तेव्हा मला शब्द हवा, मी म्हणाले.

ते हसले. मग सांगितलं, की शुक्रवारी ते खट्टू होऊन घरी गेले होते. एवढ्याशा ऑफिसात ही बाई कशाला राहील, असं बायकोला म्हणाले होते. मी विचारलं, मग पुन्हा एकदा विचारलं का नाही?

"तुम्ही नाही म्हणाला होतात," ते म्हणाले. "तुमचा शब्द खरा धरायचा नाही, तर कुणाचा धरायचा?"

माहेरी, सासरी, कोर्टाबाहेर कुठेही माझ्या 'नाही'वर कुणी इतका चटकन विश्वास ठेवला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि हात पुढे करून म्हणाले, "हो. आणि तुमचं हे 'करायचं आहे'सुद्धा मी तितकंच खरं धरतो आहे."