चामखिळींचे हात

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर एक वयस्कर वॉचमन होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, नाव मी कधी विचारलं नाही. पावसाळ्यात दिवेलागणीला गेटच्या दिव्याखाली खरखरीत पाठीचे थोराड बेडूक किडे टिपायला येऊन बसत. जनरल शिफ्टच्या बस सुटायच्या आधी मामा एकेकाला ओंजळीत उचलून कुंपणापलीकडच्या गवतात अलगद सोडायचे. नंतर हातही पुसायचे नाहीत.

त्यांच्या दोन्ही हातांवर चामखिळी होत्या. बेडूक मुतल्यानं आल्या, असं कंपनीत सगळे म्हणायचे. थर्मासमधला चहा मामा येईल त्याला विचारायचे, पण कोणी घेत नसे. मीही नाही. एकदा थेरगावच्या बसची वाट बघताना मी शहाणपणा केलाच. "मामा, बेडकांना हात लावत जाऊ नका. हातांचं काय झालंय बघा."

हातातल्या बेडकाकडे बघत ते म्हणाले, "ह्या शाळेत असल्यापासनं हायेत, साहेब. तवा बी शेजारी कोण बसत न्हवतं. ह्यो तेवढा भीत न्हाई."

नोकरी सोडली त्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेलो. मामांनी हात पुढं केला. सगळं ठाऊक असूनही मी घाईघाईनं हात जोडले. नमस्काराला कोण नावं ठेवणार?

मामा हसले. पुढं केलेला हात त्यांनी तसाच खाली नेला आणि पायाशी बसलेल्या बेडकाला उचललं.