साडूंच्या कपाटातले ठोके

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडाकडे म्हणून पाहिलं नाही. हे मी रागाने सांगत नाही, खरंच पाहिलं नाही. ते पाहायचे माणसाच्या मानेकडे. कानाखालची शीर कशी उडते, किती उडते आणि का उडते, यातच त्यांचा सगळा जीव. जळगावात हृदयाचे डॉक्टर, पिंप्राळ्यात घर आणि घराखालीच दवाखाना. माझ्या लग्नात आमच्या काकांची मान त्यांनी अशी काही न्याहाळली की काका दोन जिलब्या पानात टाकून उठले. चार महिन्यांनी काका गेले. तेव्हापासून साडू समारंभाला आले की नात्यातल्या बायका पदर गळ्याभोवती गुंडाळून घेत आणि पुरुष भर वैशाखात मफलर शोधत.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. कोण आलं होतं म्हणून अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं तर म्हणत, "ती नाही का, दुसऱ्या ठोक्यानंतर शीळ घालणारी!" एका कंडक्टरचं हृदय उजव्या बाजूला निघालं, तर त्याला जावयासारखं पाटावर बसवून जेवू घातलं आणि बिचाऱ्याची पाचोऱ्याची गाडी चुकवली. माझी मात्र त्यांनी एकदाच तपासणी केली आणि नळी गुंडाळून ठेवली. "तुमच्यात काही नाही हो, साडूभाऊ." हे इतक्या हिरमुसल्या तोंडाने म्हणाले, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

दुर्मिळ हृदय भेटलं की ते त्याचा आवाज कॅसेटवर भरून ठेवत. नळीच्या टोकाला माईक बसवून त्यांनी स्वतःच ती खटपट केली होती. कोरी कॅसेट आणायचं कधी सुचायचं नाही, हाताला लागेल ती घ्यायचे. आमच्या लग्नाची मंगलाष्टकं अशीच गेली! भटजी "शुभमंगल साव..." म्हणतात, खट् आवाज होतो, आणि पुढे पाऊण तास कुणाचं तरी काळीज. माझ्या बायकोने, कुमुदने, त्यावरून त्यांना वर्षभर धारेवर धरलं.

मे महिन्यातली एक दुपार मी विसरत नाही. जळगावचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दवाखाना बंद, खिडक्या बंद, आणि आतून मोठ्याने ठोके येत होते. लब-डप, लब-डप. मी पायरीवर थांबलो, तर जरा वेळाने माझी छाती त्याच तालावर चालायला लागली. घाबरून दार ढकललं. साडू अंधारात टेपसमोर डोळे मिटून बसले होते. गल्लीतली माणसं दुपारची त्या बाजूने का जात नाहीत, ते मला त्या दिवशी समजलं.

"कुणाचे हे ठोके?" मी विचारलं.

"चाळीसगावकडची बाई."

"आता बरी आहे ना?"

"वारली. चार वर्षं झाली." असं म्हणून त्यांनी कॅसेट उलटवली. मी पाणीसुद्धा न पिता घरी आलो.

त्याच वर्षी हिवाळ्यात आम्ही सगळे एका ओळखीच्यांच्या शेतात भरीत खायला गेलो. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजत कुमुद उकिडवी बसली होती. उठून उभी राहिली आणि पिठाचं पोतं पडावं तशी खाली कोसळली. ओठ निळे पडले. आडवी केल्यावर थोड्या वेळाने शुद्धीवर आली. महिनाभरात हे तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्या दोन वेळा आम्ही अशक्तपणा म्हणून सोडून दिलं होतं. धुळ्याकडची एक म्हातारी लांबूनच म्हणाली, "इले बाहेरनं लागेल शे. हाई डाक्टरनं काम नही." म्हणजे भूतबाधा.

साडूंनी तिथेच, खळ्यात, नळी लावली. कुमुदला झोपवून ऐकलं. बसवून ऐकलं. पुन्हा झोपवलं, पुन्हा बसवलं. आणि मग त्यांचं तोंड पांढरं झालं.

"हा आवाज मी ओळखतो," ते म्हणाले. "रोज दुपारी ऐकतो."

घरी आल्यावर त्यांनी आमच्या मंगलाष्टकांची, म्हणजे त्या चाळीसगावकडच्या बाईची, कॅसेट लावली. दोन ठोक्यांनंतर एक तिसरा, बुळबुळीत, पिकलं फळ मातीत पडावं तसा आवाज. मग माझ्या कानात नळी घालून कुमुदचं हृदय ऐकवलं. तोच! मेलेली बाई माझ्या बायकोच्या छातीत चालत होती म्हणा ना.

"हृदयाच्या आत देठाला लोंबणारी गाठ आहे," साडू म्हणाले. "माणूस उठलं की ती झडपेच्या तोंडाशी येऊन अडकते. रक्त थांबतं. एक दिवस अडकेल ती निघणारच नाही."

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा झडप आकसल्याचं सांगून गोळ्या लिहून दिल्या. आमचे साडू म्हणजे कोंबडीलाही घाबरणारे, पण त्या दिवशी टेप मांडीवर घेऊन दारातच ठिय्या देऊन बसले. "मीही त्या चाळीसगावकडच्या बाईला हेच सांगितलं होतं, हेच! ऐका एकदा, साहेब." साहेबांनी वैतागून ऐकलं, आणि मग वैतागायचे थांबले. यंत्रावर गाठ दिसली, लिंबाएवढी. तिसऱ्या दिवशी छाती उघडून काढली. माझी कुमुद वाचली. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकणार नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

बरी झाल्यावर कुमुदने एकच विचारलं. "दाजी, त्या बाईच्या घरी सांगितलंत?"

साडू नळी गुंडाळायला लागले.

"मला धडधाकट केलंत ते तिच्या जिवावर. चला, मी येते."

म्हणून आम्ही तिघं चाळीसगाव गाठून त्या खेड्यात गेलो. बाईच्या नवऱ्याने खाट टाकली. साडूंनी हात जोडून सांगितलं, "भाऊ, तिच्या काळजात गाठ होती. मला ओळखता आली नाही. वर्षभराने कॅसेट ऐकता ऐकता ओळखली, पण तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

तो माणूस खाटेच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "म्हंजे तिले कोनी काही करेल नव्हतं?"

आणि मग हळूहळू निघालं. बायको गेली त्या दिवशी तिच्या थोरल्या जावेने, विधवा बाई ती, हिच्या हातात चहाचा कप दिला होता. ही चहा पिऊन उठली आणि पडली ती गेलीच. गावाने जावेला डाकीण ठरवलं आणि धुळ्याला माहेरी हाकललं. "मीच तिले येस्टीमा बसाडी दिधं," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून तोंडाशी धरली. मग एकदम उठला. "धुयानी येस्टी कव्हय शे?"

परतताना साडू म्हणाले, "साडूभाऊ, मी चार वर्षं मेलेल्या बाईला ऐकत बसलो. जिवंत बाई तिकडे भोगत होती, आणि माझ्या एका शब्दाने सुटली असती." खरंच होतं ते.

तो वहिनीला घेऊन आला. पण ती बाई कुणाच्या हातात काही देईना. ताट खाली, तांब्या खाली, चहाचा कप खाली. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साडू तिकडे जात, मला ओढून नेत, आणि तिच्यासमोर हात पुढे करून उभे राहत. ती कप जमिनीवर ठेवी. ते वाकून उचलत, पीत, आणि "येतो, ताई" म्हणून निघत. अशी चार वर्षं गेली.

पाचव्या वर्षी तिने कप त्यांच्या हातात दिला. साडूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, तरी अर्धा चहा पँटीवर सांडला. उरलेला साडूंनी उभ्यानेच, घोट घोट करत संपवला. ती बाई डोळ्याची पापणी न हलवता त्यांच्याकडे बघत होती. साडू पडले नाहीत, तेव्हा म्हणाली, "आखो लेशात का?" आणि साडूंनी रिकामा कप पुढे केला.